कायम की करार

डायना टॉरासी हे नाव परळच्या एका घरात हल्ली इतक्यांदा घेतलं जातं की मामांना ही बाई लांबच्या नात्यातली वाटू लागली आहे. भाचीचं म्हणणं, बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून जगायचं तर टॉरासीसारखं जगावं. मामांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या खेळाडूलाही घरच्या पगारात भागत नव्हतं म्हणून मुलूख फिरावे लागले, यातच काय ते आलं.

भाची बाविशीची, उंची पाच फूट सहा इंच, विद्यापीठाकडून खेळलेली. मामा रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले; नोकरीला लागले ते कबड्डीच्या जोरावर. सध्याचा वाद दोन कागदांवरून आहे. एक रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या ट्रायलचं बोलावणं. दुसरा एका एजंटाचा ईमेल. परदेशातल्या दुय्यम लीगमधला एक क्लब सात महिन्यांसाठी गार्ड शोधतोय. राहायला खोली, जाण्यायेण्याचं तिकीट, आणि पगार असा की मामांनी तो रुपयांत करून पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"यापेक्षा लालबागच्या मसाला गल्लीत डंखावर बसणारा जास्त नेतो घरी."

"पहिल्या वर्षी सगळ्यांना असाच मिळतो, मामा. पुढच्या वर्षी क्लब बदलायचा, देश बदलायचा. तसाच वाढतो."

"आणि नाही वाढला तर?"

"नाही वाढला तर परत येईन."

"परत येईपर्यंत कोट्याचं वय निघून गेलं असेल."

हा वाद एका घरापुरता नाही. आपल्याकडे खेळाडू घडतो तो कुठल्या तरी मालकाच्या नावावर: रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, पूर्वी एअर इंडिया आणि पोर्ट ट्रस्टही. तो नोकरीला लागतो आणि ऑफिसच्या संघाकडून खेळतो. गुडघे बोलायला लागले की टेबलावर बसतो आणि साठीला निवृत्त होतो. बाकीच्या जगात बास्केटबॉलचा धंदा मोसमाच्या करारावर चालतो. दोन्ही पद्धतींत खेळाडूचं शरीरच भाड्याने घेतलेलं असतं. ते नादुरुस्त झालं की खर्च कोणाच्या माथी, एवढाच काय तो फरक, आणि तो लहान नाही.

मामांना गार्ड म्हणजे नेमकं काय, हेच आधी पटवून घ्यायचं होतं. भाचीने ओट्यावर डबे मांडले. तांदळाचा उंच डबा म्हणजे सेंटर. हळदीची बरणी म्हणजे गार्ड, तिच्यासमोर मिठाची बरणी उभी, ती प्रतिस्पर्धी. तांदळाचा डबा पुढे आला आणि मिठाच्या वाटेत आडवा उभा राहिला. याला स्क्रीन म्हणतात. हळद त्याला खेटून वळसा घालून निघाली. मीठ अडलं. आता तांदळाच्या डब्यावर ज्याची नजर होती, त्या साखरेच्या डब्यापुढे पेच: हळदीवर धावायचं की तांदळापाशी थांबायचं? तो धावला तर तांदूळ बास्केटकडे वळतो आणि हळद त्याला पास देते. तो थांबला तर हळद स्वतःच आत घुसते. कोपऱ्यातून जिऱ्याची डबी मदतीला आली तर कोपरा मोकळा पडतो, चेंडू तिकडे. "हे सगळं एका सेकंदात बघायचं. चेंडूकडे न बघता, तो हाताखाली आपटतच असतो."

मामा डब्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "ही चढाई आहे," ते म्हणाले. "आत शिरायचं, कोण कुठे सरकतोय ते बघायचं, आणि ज्याने पाय उचलला त्याच्यावर जायचं."

"तुझ्या चढाईला तीस सेकंद. आम्हाला चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, आणि त्यातल्या पहिल्या आठात मधली रेषा ओलांडायची."

"तीस सेकंद आता मॅटवर. आमच्या वेळी घड्याळ नव्हतं. दम टिकेल तोवर चढाई." मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "पण चढाईत मी एकटा असतो. तुझी ही हळद सारखी बोलत असणार. तू ये, तू थांब, तू तिकडे जा. तिथे कुठल्या भाषेत बोलणार?"

प्रश्न खोचक आहे आणि बरोबरही. परदेशी जाऊन नाव मिळवलेल्या भारतीय बास्केटबॉलपटूंची यादी काढली तर ती बहुतेक उंच माणसांची निघते. सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, 2015 साली डॅलस मॅव्हरिक्सने एनबीए ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर घेतला. अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग जपानमध्ये खेळले. अमृतपाल पुढे 2017 मध्ये सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये उतरला, तिथे खेळलेला तो पहिला भारतीय. पालप्रीत सिंग ब्रार, प्रिन्सपाल सिंग यांना अमेरिकेतल्या एनबीएच्या खालच्या लीगचं दार उघडलं. सगळे फॉरवर्ड नाही तर सेंटर. उंची विमानात घालून नेता येते, तिला भाषा लागत नाही. गार्डला संघाचा विश्वास लागतो, आणि तो सराव सामन्यात दहा मिनिटं पाहून कोणी देत नाही. त्याच 2017 मध्ये बनारसचा विशेष भृगुवंशी, भारताचा कर्णधार आणि अस्सल गार्ड, याच्याशी अॅडलेड थर्टीसिक्सर्सने करार केला खरा. त्याला पुढे 2020 चा अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण त्या वाटेने मागून गार्डांची रांग लागली, असं काही झालं नाही.

शिवाय बाजारात गर्दी आहे ती गार्डांचीच. अमेरिकेत महिला बास्केटबॉलचा पहिल्या श्रेणीचा संघ असलेली विद्यापीठं साडेतीनशेच्या आसपास आहेत. तिथली महिलांची व्यावसायिक लीग, डब्ल्यूएनबीए, बरीच वर्षं 12 संघांची होती आणि एका संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू. दर उन्हाळ्यात शेकडो पदवीधर मुली बॅग भरून तुर्कस्तान, पोलंड, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, जिथे बोलावतील तिथे निघतात. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. त्या जागेसाठी परळची पाच फूट सहा इंची मुलगी अमेरिकन विद्यापीठात चार वर्षं खेळलेल्या मुलीशी झगडणार.

भाचीला हे सगळं माहीत आहे. म्हणूनच ती टॉरासीची गोष्ट सांगते, आणि ती सांगण्यासारखी आहेही.

टॉरासीचं कुटुंब अर्जेंटिनातून अमेरिकेत आलेलं. घरच्या लीगमध्ये ती फिनिक्स मर्क्युरीकडून उन्हाळा खेळायची आणि हिवाळ्यात परदेशी जायची. मॉस्कोच्या स्पार्टाकमध्ये तिच्याबरोबर दुसरी नामांकित गार्ड होती, पाच फूट नऊ इंचांची सू बर्ड. मालक शाबताई काल्मानोविच पैसा पाण्यासारखा ओतायचा. 2009 च्या नोव्हेंबरात मॉस्कोच्या रस्त्यात त्याला गोळ्या घालून मारलं. टॉरासी पुढच्या वर्षी इस्तंबूलला फेनरबाचेत गेली. तिथे उत्तेजक चाचणीत दोषी ठरली, क्लबने करार तोडला. दोन महिन्यांत प्रयोगशाळेने आपला निष्कर्ष मागे घेतला, तिच्यावरची बंदी उठली. परत त्याच शहरात आली ती फेनरबाचेच्या हाडवैऱ्याकडे, गलातासारायकडे. तिथून रशियात येकातेरिनबुर्गला. आणि 2015 मध्ये त्या क्लबने तिला घरचा मोसम न खेळण्यासाठी पैसे दिले. आदल्याच वर्षी तिने मर्क्युरीला विजेतेपद मिळवून दिलं होतं. घरी जास्तीत जास्त पगार वर्षाला लाखभर डॉलरच्या थोडा वर. येकातेरिनबुर्गचे सुमारे 15 लाख डॉलर, असं तेव्हा छापून आलं. तिने सरळ उन्हाळाभर विश्रांती घेतली. अमेरिकेकडून तिने ऑलिंपिकची सहा सुवर्णपदकं जिंकली, शेवटचं 2024 मध्ये पॅरिसला, आणि 2025 मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी खेळ थांबवला.

"बघ," भाची म्हणाली. "न खेळायचे पंधरा लाख डॉलर."

"आणि ती दुसरी? त्याच गावाला जाताना पकडली ती?"

ब्रिटनी ग्रायनर. 17 फेब्रुवारी 2022 ला मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात हशीशच्या तेलाची नळकांडी सापडली. नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये एका रशियन शस्त्रव्यापाऱ्याच्या बदल्यात तिला सोडलं. तीही येकातेरिनबुर्गच्याच क्लबकडे निघाली होती. मामांनी हे तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि अशा गोष्टी ते विसरत नाहीत.

"तिने सामानात काय नेलं ते मी नेणार आहे का?"

"तू नेणार नाहीस. पण परमुलखात तुझं कोण आहे? टॉरासीला खोटं दोषी ठरवलं तेव्हा तिच्यामागे वकील उभे राहिले, कारण ती टॉरासी होती. तुझ्यामागे कोण? मी?"

खरं सांगायचं तर टॉरासीचं उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येतं, म्हणून ते फारसं उपयोगाचं नाही. शिखरावरच्या माणसाचं करिअर पाहून पायथ्याच्या माणसाने तिकीट काढू नये, हे मामांचं म्हणणं रास्तच. पण मामा ज्या पायथ्यावर उभे आहेत तो तरी किती पक्का? भाचीने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"तू पहिली नोकरी कुठे केलीस?"

मामा गप्प झाले. ते आधी गिरणीत बदली कामगार होते. गिरणीचा कबड्डीचा संघ होता, संघात असलेल्याला बदलीची पाळी जरा लवकर मिळायची, आणि कायम होण्याची आशा होती. गिरणगावात खेळाचा अर्थ तोच होता. सामना जिंकायचा, साहेबाच्या डोळ्यांत भरायचं, आणि लूमवर कायम व्हायचं. 18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांनी गिरण्यांत संप पुकारला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले किती तरी पुन्हा आत गेलेच नाहीत. संघ, सामने, कायम होण्याची आशा, सगळं एका झटक्यात गेलं.

"कायमची नोकरी म्हणतोस ना? तुझ्या बाबांची गिरणीतली कायमचीच होती."

"म्हणून तर रेल्वे धरली," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शब्द तुटक येत होते. "गिरणी शेठजीची. रेल्वे सरकारची. दोन वर्षं मी नाक्यावर काढली, तेव्हा रेल्वेच्या ट्रायलला पाच चढाया मारल्या आणि लागलो. त्या पाच चढायांवर तुझ्या आईचं लग्न झालं."

"तुला जुनी पेन्शन आहे. 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना ती नाही."

"आता युनिफाइड पेन्शन आलीय ना, 1 एप्रिल 2025 पासून. पंचवीस वर्षं केलीस तर अर्धा पगार."

"पंचवीस वर्षं!"

बाविशीच्या मुलीला पंचवीस वर्षं हा आकडा ऐकवणं, ही मामांची चूकच झाली.

रेल्वेचा हिशेब मात्र तिने नाकारला नाही, आणि नाकारण्यासारखा तो नाहीच. क्रीडा कोट्यातली भरती साधारण लेव्हल 2 ते 5 मध्ये होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल 2 चं मूळ वेतन 19,900 रुपये, लेव्हल 5 चं 29,200. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, पास, दवाखाना. सरावासाठी आणि स्पर्धांसाठी सवलतीची रजा. भारतीय महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ कैक वर्षं राष्ट्रीय स्पर्धेवर राज्य करतोय, म्हणजे देशातल्या चांगल्या खेळाडूंबरोबर रोज सराव. परदेशी दुय्यम क्लबमध्ये याहून चांगली साथ मिळेलच याची खात्री नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, गुडघ्यातला लिगामेंट तुटला (बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त वेळा तुटतो आणि शस्त्रक्रियेनंतर कोर्टवर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं) तरी पगार एक तारखेला जमा.

दोष या वाटेतही आहे. नोकरी मिळेपर्यंत भूक असते. मिळाल्यावर किती जणांची टिकते? नागपाड्याकडे पाहिलं की हा प्रश्न पडतो. तिथलं नेबरहूड हाउस अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शर्टने 1927 च्या सुमारास उभं केलं. याच वास्तूत 1936 मध्ये आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात झाली. आजूबाजूच्या गल्ल्यांनी बास्केटबॉल असा उचलला की भारताचा कर्णधार अब्बास मुन्तसिर तिथून आला. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्याचा. अरुंद जागेत, चार जणांच्या हातांखालून चेंडू काढणं हा नागपाड्याचा खेळ, म्हणजे गार्डचाच. पण तिथल्या पोरांपुढे शिडी होती ती नोकरीची. नोकरी मिळाली की शिडी संपायची.

"तेव्हा परदेशाचा रस्ताच नव्हता," मामा म्हणाले.

"क्रिकेटवाल्यांना होता की," भाची म्हणाली, आणि मामा सावरून बसले, कारण क्रिकेटवर त्यांना बोलू न देणं अवघड.

इंग्लंडमधल्या लँकशायर लीगच्या क्लबांचा नियम एकच होता: संघात एकच पगारी व्यावसायिक. बाकीचे गावातले हौशी. म्हणजे आजच्या परदेशी खेळाडूच्या जागेचाच जुना अवतार. फलंदाजाने पन्नास केले किंवा गोलंदाजाने पाच-सहा बळी घेतले की प्रेक्षकांत डबा फिरायचा. जमतील ते पैसे त्याचे. विजय हजारे तिथे खेळले. विनू मांकड हॅस्लिंग्डनला होते. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यासाठी मांकडांनी भारतीय क्रिकेट बोर्डाकडे निवडीची हमी मागितली. बोर्डाने नकार दिला. मांकडांनी हॅस्लिंग्डनचा करार धरला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली आणि बोर्डाने हॅस्लिंग्डनकडे धाव घेतली. लॉर्ड्सवर मांकड: 72 आणि 184, आणि एका डावात 73 षटकं टाकून पाच बळी. सामना तरीही भारत हरला.

"म्हणजे हातात करार होता म्हणून बोर्ड दारात आलं," भाची म्हणाली.

"मांकड होता म्हणून आलं. सुभाष गुप्तेचं काय झालं ते सांग."

सुभाष गुप्ते, मुंबईचा लेगस्पिनर, 36 कसोटींत 149 बळी. लँकशायरला रिश्टनकडून खेळायचा. 1961 च्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलात त्याच्या खोलीतल्या साथीदाराने रिसेप्शनिस्टला फोन केला, तक्रार झाली, आणि साथीदाराबरोबर गुप्तेही संघाबाहेर गेला. पुढच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर त्याला घेतलं नाही. पुन्हा तो भारताकडून खेळला नाही. बायको त्रिनिदादची, तो तिकडेच गेला, त्रिनिदादकडून काही सामने खेळला, तिथेच राहिला आणि 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वारला.

मामांनी ही कहाणी सांगितली ती फिरत्या खेळाडूला कुणी वाली नसतो, हे दाखवायला. भाचीने ती उलटवली. "घरच्यांनी टाकलं तेव्हा त्याला जायला दुसरं घर होतं. नुसत्या बोर्डावर बसला असता तर?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण इथे भाची जास्त नेमकी आहे. गुप्तेवर अन्याय झाला तो परदेशी क्लबकडून नव्हे, घरच्या बोर्डाकडून.

वरळीचा एनएससीआय डोम हा दोघांचा आणखी एक वादाचा विषय, आणि दोघांच्या आवडीचाही. मामा तिथे 26 जुलै 2014 ला होते, प्रो कबड्डीचा पहिलाच सामना, यू मुंबाचा. आयुष्यभर मंडळाच्या मातीत खरचटून घेतलेल्या खेळाला दिव्यांच्या झगमगाटात पाहून त्यांना रडू आलं होतं, असं मामी सांगते. मामा नाही म्हणतात. भाची तिथे 4 ऑक्टोबर 2019 ला होती, शाळांमधून बोलावलेल्या सुमारे तीन हजार मुलांत. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स, भारतातला एनबीएचा पहिला सामना. जादा वेळेत पेसर्स 132–131 ने जिंकले. त्या किंग्जच्या ताफ्यातला बोगदान बोगदानोविच हा सर्बियन गार्ड बेलग्रेडच्या पार्टिझानमधून इस्तंबूलच्या फेनरबाचेत गेला, तिथे युरोलीग जिंकला आणि मग अमेरिकेला पोचला. "त्यानेही देश बदलले," हे भाचीचं वाक्य मामांनी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली ते आधीच मान हलवतात.

पण डोममध्ये मामांनीही काही पाहिलं होतं. यू मुंबाने 2015 मध्ये विजेतेपद मिळवलं तेव्हा संघात फझल अत्राचली नावाचा इराणी होता. पुढे तो वेगवेगळ्या संघांत फिरला. 2022 मध्ये पुणेरी पलटणने त्याला 1 कोटी 38 लाखांना घेतलं. इराणातला पोरगा मुंबई-पुण्यात येऊन कोट्यधीश होतो, मोडकंतोडकं हिंदी बोलतो, लोक त्याला डोक्यावर घेतात. भाचीने हेच वळवून विचारलं: "त्याच्या मामाने त्याला सांगितलं असेल का, इराणच्या रेल्वेत लाग म्हणून?"

मामा हसले. हा वार बसला होता.

तेव्हापासून बोलणं जरा कामाचं झालं. ईमेलमधला करार मामांनी छापून आणला. भाचीच्या शिव्या खात का होईना, कलमं एकेक करून वाचली. हा माणूस युनियनच्या मीटिंगांत बसलेला. कागद वाचायची त्याला सवय.

"इथे लिहिलंय, वैद्यकीय तपासणीत नापास झालीस तर करार रद्द. मग परतीचं तिकीट कोणाचं?"

ते लिहिलेलं नव्हतं.

"पगार महिनाअखेर की मोसम संपल्यावर?"

"'मासिक' म्हटलंय."

"तारीख नाही. तारखेशिवाय मासिक म्हणजे सवडीने. आणि दिला नाही तर कुठल्या कोर्टात जायचं?"

याला उत्तर आहे, आणि भाचीला ते ठाऊक होतं. क्लब पगार बुडवतात हे या धंद्यात इतकं नेहमीचं की जागतिक महासंघ फिबाने 2007 मध्ये त्यासाठी खास लवाद काढला. जिनिव्हाला त्याचं बस्तान, निवाडा करणारा एकच माणूस, कामकाज इंग्रजीत, निकाल न्यायबुद्धीला धरून. निकाल न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी येऊ शकते. पण या लवादाकडे जायचं तर करारात तसं कलम लागतं, आणि दाद मागायला आधी फी भरावी लागते. ईमेलमधल्या करारात ते कलम नव्हतं. "स्थानिक न्यायालय" असं होतं.

"हे बदलून घे," मामा म्हणाले. "नाहीतर त्या गावातल्या वकिलाच्या भाषेपासून सुरुवात."

भाचीने ते टिपून घेतलं. पासपोर्टचाही विषय निघाला. सू बर्डने 2006 मध्ये इस्रायली नागरिकत्व घेतलं आणि युरोपातल्या क्लबांना ती परदेशी खेळाडूच्या जागेत मोजावी लागेना. आपल्याला ती सोय नाही, दुहेरी नागरिकत्व आपला कायदा देत नाही. उलट बाजूही आहे: न्यू जर्सीत वाढलेली मराठी घरातली मुलगी अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड घेऊन भारताकडून खेळू शकत नाही; 2008 पासून सरकारचं धोरण तसं आहे. म्हणजे जगभर गार्ड पासपोर्ट बदलून फिरतात आणि मुंबईची मुलगी एकाच पासपोर्टवर, व्हिसाच्या रांगेत.

देशी लीगचा पर्याय मामांनी काढून पाहिला. 2022 मध्ये बास्केटबॉल महासंघाने आयएनबीएल सुरू केली, त्यात मुंबई टायटन्स होते. त्याआधीची यूबीए 2015 ते 2017 चालली आणि बंद पडली. "मुलांच्या लीग त्या," भाची म्हणाली, आणि तो पर्याय तिथेच संपला.

मग तिने मामांना नाव सांगितलं ते गीतू अॅना जोसचं. केरळची सेंटर, दक्षिण रेल्वेत नोकरीला. रेल्वेत असतानाच 2006 च्या सुमारास ती ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळून आली, आणि 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांकडे ट्रायल देऊन आली. तिथे निवड झाली नाही. परत आली तेव्हा नोकरी जागेवर होती. 2014 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला.

मामा सरसावून बसले. इतके दिवस दोघं या एका उदाहरणाला वळसा घालून भांडत होती, हे जरा चमत्कारिकच.

"म्हणजे रजा मिळाली."

"मिळाली असणार."

"असणार नको. रेल्वे पाच वर्षांचा बाँड लिहून घेते, आणि नव्या माणसाला प्रोबेशन असतं. गीतू भारताची मोठी खेळाडू होती. तुला पहिल्या वर्षी सात महिने कोण सोडेल?"

"विचारायला काय जातं?"

"विचारतो." मामांनी माटुंग्याला, जुन्या सेक्शनमधल्या माणसाला फोन लावला. तो आधी पाच मिनिटं कोणाकोणाला बायपास झाली ते सांगत बसला. मग म्हणाला, परदेशी खेळायचं तर परवानगी लागते, रजा बिनपगारी धरतात, देणं न देणं वरच्यांच्या हातात. नॅशनलला मेडल असेल तर बोलता येतं, पण पोरगी आधी लागू दे.

"ऐकलंस? आधी लाग. ट्रायल रविवारी आहे."

"आणि क्लबचं?"

"त्याला कळव, लवादाचं कलम आणि पगाराची तारीख हवी. आणि गुडघा गेला तर ऑपरेशन कोणाच्या पैशाने, तेही विचार. तीनही लेखी."

भाचीने त्याच रात्री लिहिलं. एजंटाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पगाराची तारीख दर महिन्याची दहा, लवादाचं कलम क्लब घालायला तयार. ऑपरेशनबद्दल अवाक्षर नव्हतं.

"पुन्हा लिही," मामा म्हणाले.

"लिहिलंय."